डरहॅमचं कॅथेड्रल : वास्तू आणि वहिवाट

जुन्या गोव्यातलं 'से' कॅथेड्रल आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं आहे. 'से' म्हणजे आसन, गादी. ज्या चर्चमध्ये बिशपची गादी असते ते कॅथेड्रल, मग ते आकाराने केवढंही असो. उत्तर इंग्लंडमधल्या डरहॅमलाही अशी गादी आहे. पण त्या स्थळाचं मूळ आहे एका संताच्या समाधीत.

संत कथबर्ट ६८७ साली इनर फार्न बेटावर वारले आणि लिंडिसफार्नच्या मठात पुरले गेले. व्हायकिंगांच्या धाडींमुळे ८७५ मध्ये तिथल्या भिक्षूंनी त्यांची शवपेटी उचलून बेट सोडलं. मधली शंभरेक वर्षं ती चेस्टर-ली-स्ट्रीटला राहिली आणि ९९५ मध्ये डरहॅमला आली. वेअर नदीने तीन बाजूंनी वेढलेला हा उंच कडा. संरक्षणाला याहून चांगली जागा कुठली?

आजची इमारत नॉर्मन राजवटीतली. १०९३ ला पाया घातला, ११३३ पर्यंत मुख्य काम झालं. आत शिरलं की प्रचंड गोल खांब दिसतात, त्यांवर नागमोडी आणि शंकरपाळ्यासारखी नक्षी खोल कोरलेली. खरी करामत मात्र वर आहे. आधी दगडी फासळ्यांच्या कमानी उभारायच्या आणि मग मधली जागा दगडांनी भरायची, अशी छताची रीत. पुढची गॉथिक शैली याच वाटेने गेली. १९८६ पासून हे कॅथेड्रल आणि शेजारचा किल्ला जागतिक वारसा यादीत आहेत.

आता वहिवाटीचं बघू. आठव्या हेन्रीच्या काळात समाधीवरचा वैभवी डोलारा मोडला, १५३९ मध्ये मठही बरखास्त झाला. पण अस्थी तिथेच पुन्हा पुरल्या गेल्या. आज तिथे नाव कोरलेली साधी शिळा आहे.

सगळ्यात वाईट काळ आला १६५० मध्ये. क्रॉमवेलच्या राजवटीत इथली नित्य उपासना बंद पडलेली होती. डनबारच्या लढाईत पकडलेले सुमारे तीन हजार स्कॉटिश कैदी या रिकाम्या वास्तूत कोंडले गेले. उपासमारीने आणि रोगराईने त्यातले सुमारे सतराशे मेले. ऊब मिळावी म्हणून त्यांनी आतलं लाकूडकाम जाळलं. एक जुनं घड्याळ तेवढं वाचलं, त्यावर स्कॉटलंडचं काटेरी फूल कोरलेलं होतं म्हणून, असं सांगतात. २०१३ मध्ये जवळच्या बांधकामात त्या कैद्यांचे सांगाडे सापडले; २०१८ मध्ये त्यांचं रीतसर दफन झालं.

१६६० नंतर उपासना परत सुरू झाली आणि बिशप कोझिन यांनी नवं लाकूडकाम करून घेतलं. आज गायकवृंदाची मुलं-मुली त्याच बाकांवर उभी राहून 'इव्हनसाँग', म्हणजे सायंकाळची प्रार्थना, गातात. जुलैमध्ये खाणकामगारांचा मेळा भरतो, तेव्हा खाणगावांचे रेशमी झेंडे बँड वाजवत आत येतात आणि नव्या झेंड्यांना आशीर्वाद मिळतो. खाणी केव्हाच बंद पडल्या, झेंडे अजून येतात.

वारसा जपायचा म्हणजे दगड जपायचे, असं आपण पटकन म्हणतो. १६५० मध्ये इथले दगड शाबूत होते, फक्त वहिवाट मोडली होती, आणि त्याच भिंतींचा तुरुंग झाला. तेव्हा डरहॅमला कधी गेलात तर छत बघाच, पण सायंकाळच्या प्रार्थनेलाही बसा. तिथे कुणालाही बसता येतं.