आरशापलीकडची शाबासकी

खोलीत एक आई, तिचा चार वर्षांचा मुलगा आणि सतरंजीवर पसरलेले ठोकळे. तिसरं कुणी नाही. आईच्या कानात मात्र छोटासा ईअरफोन आहे आणि समोरच्या भिंतीत एकतर्फी आरसा. आरशापलीकडून थेरपिस्ट हळूच सांगते, "त्याने आत्ता ठोकळा तुमच्या हातात दिला. तेवढंच बोला." आई म्हणते, "तू मला ठोकळा दिलास, छान केलंस!" मुलगा क्षणभर तिच्याकडे बघतो आणि दुसरा ठोकळा पुढे करतो. उपचार मुलावर चालले आहेत आणि थेरपिस्ट त्याच्याशी चकार शब्द बोललेली नाही!

शीला आयबर्ग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये ही पद्धत घडवली. नाव 'पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी'. साधारण दोन ते सात वर्षांची जी मुलं सतत भांडतात, मारतात, कुणाचंच ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी ती आहे. पहिल्या टप्प्यात सगळं मुलाच्या कलाने घ्यायचं. रोज घरी पाच मिनिटं त्याच्याबरोबर खेळायचं आणि त्या वेळात प्रश्न विचारायचा नाही, हुकूम सोडायचा नाही, चूक काढायची नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण मुलाशी खेळताना आपल्या तोंडून काय निघतं ते आठवून पाहा. "हा कुठला रंग? असा नाही, असा ठेव. परत पाडलास ना?" त्याऐवजी आईने म्हणायचं, "तू लाल ठोकळा निळ्यावर ठेवलास." तो म्हणाला, "हा बंगला," तर, "हो, हा बंगला आहे." आणि कौतुक करायचं ते नेमकं, "हळू ठेवलास म्हणून पडला नाही, शाब्बास." आई पुढच्या टप्प्याला तयार झाली का, हे चक्क मोजतात. पाच मिनिटांत अशी दहा वर्णनं, दहा वेळा त्याचंच बोलणं त्याला परत ऐकवणं, दहा नेमकी कौतुकं. प्रश्न, हुकूम आणि टीका मिळून जास्तीत जास्त तीन. मुलाने दिवसभर कितीही उच्छाद मांडला तरी ही पाच मिनिटं शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाहीत, हा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

पण खेळाने हट्ट कसा कमी व्हावा? याचं उत्तर ऑरेगनमध्येच जेराल्ड पॅटरसन यांच्या कामात सापडतं. त्यांचे निरीक्षक लोकांच्या घरी जाऊन बसत आणि कोण काय करतं, त्यावर दुसरा काय करतो, याची बारकाईने नोंद करत. त्यातून एक विलक्षण सापळा दिसला. मूल बिस्किटासाठी भोकाड पसरतं. आई नको म्हणते, ते आणखी चढतं, शेवटी थकून ती बिस्किट देते. मुलाला बिस्किट मिळालं, आईला शांतता मिळाली. बक्षीस दोघांनाही! त्यामुळे पुढच्या वेळी मूल लवकर गळा काढतं आणि आई लवकर देते. दोघं एकमेकांना शिकवत असतात, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. 'आईने लाडावून ठेवलंय' म्हणणाऱ्यांनी हे जरूर समजून घ्यावं. खेळात हा सापळा उलटतो: आईचं लक्ष चांगल्या वागण्याला मिळतं आणि रडण्याकडे दुर्लक्ष होतं. असं दुर्लक्ष करायला लागलं की रडणं अनेकदा आधी वाढतं, मग ओसरतं. नेमकं वाढलेलं असताना आई हरली, तर मोठ्याने रडण्याचाच सराव होतो. अशा वेळी कानात "थांबा, तुम्ही बरोबर करताय" म्हणणारं कुणी असणं केवढा आधार असेल!

दुसऱ्या टप्प्यात हुकूम येतात, पण एका वेळी एकच आणि स्पष्ट. "नीट वाग" नाही. "पेन्सिल डब्यात ठेव". मग काही सेकंद गप्प थांबायचं. ऐकलं तर लगेच कौतुक, नाही ऐकलं तर एकदा इशारा, मग थोडा वेळ खुर्चीवर बसवणं. ना आरडाओरडा, ना चापट.

ही पद्धत उपयोगी पडते याचा सर्वांत थक्क करणारा पुरावा मात्र मुलांबद्दलचा नाहीच. मुलांना मारहाण केल्याच्या तक्रारी असलेल्या ११० पालकांवर मार्क चॅफिन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. सुमारे सव्वादोन वर्षांच्या पाठपुराव्यात, नेहमीचे पालकवर्ग केलेल्या गटात ४९ टक्के पालकांविरुद्ध पुन्हा मारहाणीची तक्रार आली. कानात ईअरफोन घालून शिकलेल्यांत १९ टक्के! ज्या हातांची मुलांना भीती होती, तेच हात ठोकळे रचायला शिकले.

पालकाला असं हात धरून शिकवणं महागड्या दवाखान्यातच शक्य आहे असं नाही. स्वमग्न मुलांची गोष्ट वेगळी, तिथे भर संवादावर असतो. पण गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत २ ते ९ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांबरोबर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे काम तज्ज्ञ डॉक्टरांनी केलं नव्हतं, प्रशिक्षण घेतलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी केलं होतं. मूल आणि पालक खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, मग तो पालकाबरोबर बसून पाहायचा आणि कुठे जमलं ते क्षण वेचायचे. पालक मुलाच्या इशाऱ्यांना अधिक जुळवून प्रतिसाद देऊ लागले आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. आपल्या तालुक्या-तालुक्यांत असे कार्यकर्ते तयार करायला काय हरकत आहे?