तिकोनी डोक्याची फसवी खूण

आषाढात भोर-वेल्ह्याकडे भाताची लावणी सुरू होते. खाचरात बेडूक, कणगीखाली उंदीर आणि त्यांच्या मागावर घराच्या जोत्यापर्यंत आलेला साप. अशा वेळी ‘तिकोनी डोकं म्हणजे विषारी’ ही खूण हमखास सांगितली जाते. घोणस, फुरसे आणि चापडा यांना ती लागूही पडते. नाग आणि मण्यार यांची डोकी मात्र धामणीसारखी लांबट असतात. या खुणेवर विसंबलं, तर जहाल विषाची मण्यारच निरुपद्रवी ठरते.

मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांची गल्लत नेहमीची. दोघांचाही वावर रात्रीचा, दोघंही घरात शिरतात. मण्यार निळसर झाकेची काळी. तिचे पांढरे, बारीक पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, डोक्यापासून बरंच अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात.

घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. बिनविषारी डुरक्या घोणशीचे ठिपके वेडेवाकडे, शेपूट आखूड. हिरव्या सापांतला बांधावरचा गवत्या बिनविषारी. झुडपात वेटोळं घालून बसणारा तिकोनी डोक्याचा चापडा विषारी. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खाचेमुळे त्याला अंधारातही सावजाची ऊब कळते.

या खुणा लांबून पाहायच्या, त्या उंदीर खाणारी धामण काठीखाली मरू नये म्हणून. दंश झाल्यावर साप शोधण्यात वेळ घालवू नये. जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते तेव्हा अनेकदा वेदना होत नाहीत, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. विषामुळे मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचेनासा होतो आणि अखेर श्वास थांबतो.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं. ते घोड्यांच्या रक्तातून तयार करतात. डॉक्टर लक्षणं पाहून उपचार ठरवतात. मारलेला साप सोबत नेण्याची गरज नसते. आवळपट्टी बांधू नका, जखम कापू नका. चावलेला हात-पाय न हलवता रुग्णाला थेट दवाखान्यात न्या.

आणि आज रात्री शक्यतो खाटेवर झोपा. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. अंगणात जायचं झालं, तर पाऊल टाकण्याआधी बॅटरीचा उजेड टाका.