आकाश निळं का असतं, मावशी?

रविवार सकाळ. हातात कॉफीचा मग, मोबाइल सायलेंटवर आणि गॅलरीत पालथी पडून चित्र काढणारी सहा वर्षांची भाची. चित्र तेच, तुम्ही-आम्ही सगळ्यांनी काढलेलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. फक्त आकाशाला तिने रंगच दिला नव्हता.

"अगं, आकाश निळं कर ना," मी म्हटलं.

तिने ग्रिलमधून बाहेर बघितलं. "पण ते कुठे निळंय? टीचर पण निळंच कर म्हणतात. का असतं गं मावशी ते निळं?"

मी इंजिनीअर आहे बरं का! तरी तोंडातून पटकन निघालं, "समुद्राचं रिफ्लेक्शन असतं ते." शुद्ध थाप! तसं असतं, तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या नागपूरकरांनी काय करायचं? मग कॉफी बाजूला ठेवली आणि बारावीनंतर सोडून दिलेलं फिजिक्स पुन्हा उघडलं.

फंडा काय आहे?

सूर्याचा प्रकाश पांढरा दिसतो, पण त्यात इंद्रधनुष्याचे सगळे रंग असतात. प्रत्येक रंगाची लहर वेगळ्या लांबीची. लाल रंगाची लांब, निळ्याची आखूड. हा प्रकाश वातावरणात शिरला की त्याची गाठ पडते नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंशी. हे रेणू प्रकाशलहरींपेक्षा कितीतरी लहान. ते प्रकाश इकडेतिकडे विखुरतात, पण सगळ्या रंगांना सारखा न्याय देत नाहीत. लहर जितकी आखूड, तितकी ती जास्त विखुरते. निळा रंग लालपेक्षा जवळजवळ सहापट! त्यामुळे सूर्याकडे पाठ करून वर बघितलं, तरी चारही बाजूंनी डोळ्यांत येतो तो हा विखुरलेला निळा. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये हे गणित मांडलं.

मग हुशार वाचक विचारणार, जांभळ्याची लहर तर आणखी आखूड, आकाश जांभळं का नाही? कारण सूर्यप्रकाशात जांभळा मुळात कमी, आणि आपले डोळे त्याच्या बाबतीत जरा मंदच. संध्याकाळी मात्र सूर्य क्षितिजाला टेकतो आणि प्रकाशाला दुपारपेक्षा तीसेक पट जास्त हवा पार करावी लागते. वाटेतच निळा गळून जातो, उरतो तो केशरी-लाल. मरीन ड्राइव्हवरच्या तुमच्या प्रत्येक रोमँटिक फोटोमागे हे गणित आहे!

रामन यांची बोट

समुद्राच्या थापेचा मुंबईशीही संबंध आहे. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं स्वतः रॅलेंचंच मत होतं. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन इंग्लंडहून 'नरकुंडा' बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राची ती गडद निळाई बघून त्यांना हे पटेना. त्यांच्याकडे एक छोटा निकोल प्रिझम होता. त्यातून त्यांनी पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला. पाणी तरीही निळंच! बोट मुंबई बंदरात पोहोचली आणि तिथूनच त्यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेला टिपण धाडलं. प्रकाशाच्या विखुरण्याचा त्यांनी धरलेला हा धागा पुढे २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामाच्या शोधापर्यंत गेला. आपण दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो, तो याच तारखेला.

मग आपलं आकाश पांढरं का?

भाचीचा खरा प्रश्न हाच होता. गंमत अशी की, निळ्याला झुकतं माप देतात ते फक्त अगदी सूक्ष्म कण. कण मोठा झाला की तो सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतो आणि रंगांची बेरीज होते पांढरी. ढग पांढरे दिसतात ते म्हणूनच. आणि बांधकामाची धूळ, गाड्यांचा धूर, जाळलेला कचरा यांतले कणही हेच करतात. हवा दमट असली की त्यातले बरेच कण पाणी शोषून फुगतात आणि धुरकट पडदा आणखी दाट होतो. हिवाळ्यात थंड हवा खाली अडकून बसते, तेव्हा तर बघायलाच नको. पावसाची मोठी सर येऊन गेली की हवा धुतली जाते आणि दोन दिवस तरी आकाश चित्रातल्यासारखं दिसतं. एप्रिल २०२० आठवतोय? लॉकडाऊनमध्ये जालंधरच्या गच्चीवरून लोकांना हिमालयाची धौलाधार रांग दिसली होती. डोंगर तिथेच होते, मधला पडदा तेवढा सरला होता.

अर्थात, निळं आकाश म्हणजे शुद्ध हवेचं सर्टिफिकेट नाही. काही प्रदूषक वायू डोळ्यांना दिसतच नाहीत. पण निरभ्र दुपारी, डोक्यावरचं आकाशही पांढुरकं दिसत असेल, तर ते जे काही आहे, ते आपण श्वासातून आत घेतोय, एवढं नक्की.

घरी करून बघा

काचेच्या ग्लासात पाणी घ्या, दुधाचे दोन-चार थेंब टाका, खोलीत अंधार करा आणि एका बाजूने मोबाइलचा टॉर्च लावा. बाजूने बघाल तर पाणी निळसर, समोरून टॉर्चकडे बघाल तर पिवळट-केशरी. ग्लासात दुपार आणि संध्याकाळ! आता दूध वाढवत जा. निळसर झाक जाते, उरतं पांढरं.

भाचीने हा प्रयोग सलग चार वेळा करायला लावला. मग चित्र पुढे ओढलं, अगदी वरच्या टोकाला निळा खडू फिरवला आणि डोंगरांपर्यंतचा कागद कोराच ठेवला.

"एवढंच?" मी विचारलं.

"हो. खाली दूध जास्त आहे ना!"

उद्या ऑफिसला जाताना सिग्नलला थांबलात की एकदा मान वर करून बघा. तुमच्याकडे दूध किती आहे?