नकाशावरील हिरवा रंग

भोर शहरालगतच्या उत्रोलीसारख्या गावात आज कोणी सार्वजनिक उद्यानाची मागणी करणार नाही. शिवार मोकळे आहे आणि डोंगर नजरेच्या टप्प्यात आहेत. परंतु मोकळी जागा विपुल असते तेव्हाच ती राखून ठेवणे सोपे असते, हा पुण्याच्या अनुभवाचा धडा आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्यात उद्याने व क्रीडांगणे यांसाठी जमिनी आरक्षित करता येतात. आरक्षण म्हणजे मात्र संपादन नव्हे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर कलम १२७ अन्वये मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या विहित मुदतीतही संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात येते. ही मुदत मूळची सहा महिन्यांची. २०१५ च्या दुरुस्तीने ती चोवीस महिन्यांची झाली. मुदत वाढली, तरी तिजोरीत पैसा आला असे नव्हे!

या कलमाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. ज्याच्या सातबाऱ्यावर आरक्षणाचा शिक्का बसतो, त्याला धड बांधता येत नाही, धड विकता येत नाही आणि मोबदलाही हाती पडत नाही. नगराच्या श्वासाची किंमत एकट्या जमीनमालकाने किती वर्षे मोजावी?

१९९७ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण सुचविण्यात आले. त्याला राज्य शासनाची मान्यता मिळण्यास २०१५ साल उजाडले. मोबदला ठरला तो ८ टक्के हस्तांतरणीय विकास हक्काचा. इतका काळ लोटल्यावर जमिनीचा भाव आणि अतिक्रमणांचा लोभ दोन्ही वाढलेले असतात. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार मोठ्या भूखंडांवर किमान १० टक्के मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते, हे खरे. पण ती प्रामुख्याने त्या संकुलातील रहिवाशांच्या उपयोगाची. रस्त्यावरच्या मुलाला तिचा काय लाभ?

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले, तेव्हा भोर तालुक्याचाही काही भाग त्याच्या क्षेत्रात आला. वाढत्या नगराची सावली इथवर पोहोचली आहे. ग्रामीण भागाच्या हाती मात्र एक साधन अद्याप आहे, ते म्हणजे गायरान. ही जमीन सार्वजनिकच असल्याने तिच्यासाठी कलम १२७ ची नोटीस येत नाही, मोबदल्याचा प्रश्नही उद्भवत नाही. गावच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवून त्या ग्रामसभेकडे परत सोपवाव्यात, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात सर्व राज्यांना दिले आहेत.

तेव्हा ग्रामसभांनी गायरानाची मोजणी आजच करून घ्यावी, हद्दीचे दगड रोवावेत आणि तेथे झाडे लावावीत. जेथे खाजगी जमीन घेणे अटळ असेल, तेथे आरक्षणाबरोबरच अंदाजपत्रकात तरतूद व्हावी. पैशाची जोड नसलेला नकाशावरचा हिरवा रंग दहा वर्षांत उडून जातो.