बिनकागदाचा भाडेकरू

गेल्या वर्षी आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. वन्संच्या ओळखीतलं एक कुटुंब आलं. मुलाची शाळा सुरू व्हायची होती, दारात सामानाचा टेम्पो उभा! ‘करार काय, पुढच्या आठवड्यात करू,’ असं हे म्हणाले नि मी चहा टाकला.

तो पुढचा आठवडा सहा महिने उजाडला नाही. विषय काढला, की त्या वहिनी म्हणत, ‘आमच्यावर विश्वास नाही का हो?’ मग आपणच ओशाळायचं! आणि एका महिन्यात भाडं हजार रुपये कमी आलं. ‘ठरलं होतं तेवढंच दिलंय.’ काय ठरलं होतं, याला साक्षीदार कोण? तो चहा?

माझ्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान वकील आहेत. त्यांनी सांगितलं ते ऐकून मी हबकलेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, अगदी अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं खरं धरतात. ते खोटं हे आपण सिद्ध करायचं!

हे तावातावाने म्हणाले, ‘उद्या पाणीच बंद करतो.’ तेवढं मात्र कधी करू नका. पाणी-वीज तोडायला कलम २९ ने मनाई आहे.

आम्हाला तारलं पासबुकानं. आधीच्या महिन्यांचं पूर्ण भाडं त्यात दिसत होतं. (रोख घेत असाल तर पावती द्या, ती कायद्यानंच सक्तीची आहे.) ते घेऊन मी एकटीच वर गेले. बोलता बोलता कळलं, की करार केला तर अकरा महिन्यांनी निघावं लागेल, मुलाची शाळा अर्धवट सुटेल, ही वहिनींची धास्ती. मग मुदतच शाळेच्या सुट्टीपर्यंत धरून ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार केला. मागची तारीख घालू नका, असं वकिलांनी बजावलं होतं. घरबसल्या अंगठे उमटवून ऑनलाइन नोंदणी झाली. आता मुदत संपून जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, दुप्पट भाडंही मागता येतं.

तो हजार रुपयांचा फरक वहिनींनी दोन हप्त्यांत दिला. चहा मी त्या दिवशीही केला, पण सह्या झाल्यावर!