शेळीच्या दोन वेतांत किती अंतर ठेवावं?

शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नाही. घरच्या चहाला, लेकरांना दूध मिळतं आणि ईदच्या आधी बोकड विकला की चार पैसे हाती येतात. पण याच आशेने काही जण शेळी व्यायल्यावर दीड-दोन महिन्यांतच तिला पुन्हा बोकड दाखवतात. जास्त वेतं म्हणजे जास्त करडं, असा साधा हिशोब. तो फार काळ टिकत नाही. शेळी खंगते, दूध घटतं, करडं अशक्त जन्मतात, कधी गाभ टाकला जातो, नाहीतर पुढे ती गाभणच राहत नाही.

आधी महिने मोजू. शेळी साधारण 150 दिवस, म्हणजे पाच महिने गाभण असते. व्यायल्यानंतर किमान तीन महिने थांबून भरवली तर दोन वेतांत आठ महिन्यांचं अंतर पडतं, म्हणजे दोन वर्षांत तीन वेतं. आपल्याकडच्या उस्मानाबादी, संगमनेरी शेळीला हे झेपतं, पण चारा आणि खुराक भरपूर असेल तरच. याहून घाई नको.

दूध हेच मुख्य असेल तर वर्षाला एकच वेत बरं. व्यायल्यावर सातव्या महिन्यात भरवायची, दहा महिने दूध काढायचं आणि शेवटचे दोन महिने आटवायची. दोन वर्षांत 20 महिने दूध मिळतं. आठ महिन्यांच्या चक्रात 18 महिनेच मिळतं, आणि शेळीवर ताणही जास्त.

बोकड दाखवण्याआधी शेळीच्या पाठीवरून आणि बरगड्यांवरून हात फिरवा. कणा टोचत असेल, बरगड्या वरूनच मोजता येत असतील तर ती अजून सावरलेली नाही. तो माज सोडून द्या. माज 18 ते 21 दिवसांनी पुन्हा येतो. दोन-तीन करडं पाजलेल्या शेळीला तर जास्तच सवड द्या. शेळी सारखी ओरडते, शेपूट हलवते, खाणं कमी करते, ही माजाची लक्षणं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी.

पहिल्या वेताचीही घाई नको. पाट लहान वयातच माजावर येते, पण पूर्ण वाढलेल्या शेळीच्या निदान दोन तृतीयांश वजन भरल्याशिवाय तिला बोकडाजवळ सोडू नका. नर करडं तीन-चार महिन्यांची झाली की वेगळी बांधा. आई-बहिणीलाच ती गाभण करतात आणि पुढची पिढी कमजोर निघते.

गाभणकाळाच्या शेवटच्या दीड महिन्यात पोटातलं करडू सगळ्यात जास्त वाढतं. तेव्हा दूध काढणं बंद हवं आणि खुराक हळूहळू वाढवायला हवा. आंत्रविषाराची लस आणि जंताचं औषध पशुवैद्यकांना विचारूनच द्या. जंताची काही औषधं गाभण शेळीला, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, घातक ठरतात.

आता ईदचं गणित. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पूर्ण लागतो. त्यात गाभणकाळाचे पाच महिने धरले तर ईदच्या निदान 17 महिने आधी शेळी भरलेली हवी. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, तेही लक्षात ठेवा. म्हणजे ऐनवेळी घाई करून काही साधत नाही. उलट जून-जुलैत भरवलेली शेळी नोव्हेंबर-डिसेंबरात व्याते. तेव्हा पावसाची ओल नसते, चाराही असतो, करडं चांगली जगतात.

घरात एक वही ठेवा. कोणती शेळी कधी भरवली, कधी व्यायली, किती करडं झाली, एवढंच लिहायचं. कोणत्या शेळीला आता विसावा हवा, ते त्या वहीतूनच कळेल. मुकं जनावर स्वतःहून सांगत नाही. त्याच्या ताकदीचा विचार आपणच करायचा, बरकतही त्यातच आहे.