रोड सायकलची गिअररचना

रोड सायकलची गिअररचना म्हणजे पुढील व मागील दंतचक्रांच्या दात्यांच्या संख्यांचा मेळ होय. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती अंतर जाईल आणि त्यासाठी किती जोर लागेल, हे या मेळावरून ठरते. नवोदिताने सायकल निवडताना सर्वांत जड गिअरपेक्षा सर्वांत हलका गिअर आधी पाहणे हितावह असते.

इतिहास
चेन एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेस डिरेलर म्हणतात. टूर द फ्रान्स या स्पर्धेत डिरेलर वापरण्यास १९३७ साली परवानगी मिळाली.

गिअर गुणोत्तर
पुढील चक्राच्या दात्यांच्या संख्येला मागील चक्राच्या दात्यांच्या संख्येने भागल्यास गिअर गुणोत्तर मिळते. रोड सायकलच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. गुणोत्तराला परिघाने गुणल्यास एका फेऱ्यातील अंतर मिळते. पुढे ५० व मागे ११ दाते असल्यास ते सुमारे ९.५ मीटर, तर दोन्हीकडे ३४ दाते असल्यास २.१ मीटर भरते.

प्रचलित रचना
स्पर्धेच्या सायकलींना दीर्घकाळ पुढे ५३ व ३९ दात्यांची चक्रे असत. ‘कॉम्पॅक्ट’ रचनेत ती ५० व ३४ दात्यांची असतात. मागील चक्रांच्या संचास कॅसेट म्हणतात. ११–२८, ११–३२ व ११–३४ हे संच सर्रास आढळतात.

नवोदितांसाठी निवड
चढावर ताशी ८ किमी वेग राखायचा असल्यास ३९/२५ या गिअरमध्ये पायडलचे मिनिटाला सुमारे ४१ फेरे होतात, ३४/२८ मध्ये ५२, तर ३४/३४ मध्ये ६३. वेग तोच असताना फेरे कमी झाले की प्रत्येक फेऱ्यात अधिक जोर लावावा लागतो. त्यामुळे स्नायू लवकर थकतात व गुडघ्यांवर ताण येतो. याउलट, ५०/११ या गिअरमध्ये मिनिटाला ९० फेरे मारल्यास वेग ताशी ५१ किमीच्या पुढे जातो. सपाट रस्त्यावर नवोदितास त्याची गरज क्वचितच पडते. म्हणून डोंगराळ भागात कॉम्पॅक्ट चक्रांसह ११–३२ किंवा ११–३४ कॅसेट सोयीची ठरते.

मर्यादा
मोठ्या कॅसेटमध्ये लगतच्या गिअरांमधील अंतर वाढते, त्यामुळे सपाटीवर फेऱ्यांची लय राखणे काहीसे कठीण जाते. तसेच प्रत्येक मागील डिरेलर ठरावीक दात्यांपर्यंतचेच चक्र पेलू शकतो. कॅसेट बदलण्यापूर्वी ही मर्यादा तपासावी लागते; आवश्यकतेनुसार अधिक लांब चेनही बसवावी लागते.